३६० पिक्सेलमध्ये आठ जिल्हे बसवायचे कसे?

कापूसवेचणी (धागाकर्ता)
मंडळी, शेतमालाच्या रोजच्या दरांची एक साइट तपासायलो. वर मेनू, त्याखाली मराठवाड्यातल्या आठ जिल्ह्यांची बटणं, मधे बाजार समितीचा नकाशा आणि खाली तक्ता. तक्त्यात सात रकाने: शेतमाल, जात/प्रत, परिमाण, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर, सर्वसाधारण दर.

१३६६ × ७६८ च्या लॅपटॉपवर सगळं फक्कड दिसतंय. बाकी रिझोल्यूशनसाठी विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमधून १२८० × ७२०, १०२४ × ७६८ असं बदलत बसावं लागतंय, आणि दरवेळी अक्षरं धुरकट होतात. फोनसाठी क्रोमची खिडकी अरुंद करावी तर ती पाचशेच्या आसपास अडते, पुढं सरकतच नाही.

प्रश्न असा की ही पद्धत बरोबर आहे का? आणि नेमकी किती रिझोल्यूशनं तपासायची? यादी असंल तर द्या.

नानखलिया
यादी सोपी आहे. गिऱ्हाईक ज्या फोनवर बघतंय तो फोन. बाकी सगळे ऐच्छिक विषय.

मांजराकाठ
डिस्प्ले सेटिंगला हात लावूच नका. पडद्याचं मूळ रिझोल्यूशन सोडून दुसरं लावलं की पडदा चित्र ताणतो, म्हणून धुरकट दिसतं. तुम्ही साइट तपासूलालात का पडदा, तेच कळत नाही मग.

खोक्यावर छापलेलं रिझोल्यूशन आणि पानाला मिळणारी जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सातबाऱ्यावरचं क्षेत्र आणि पेरणीखालचं क्षेत्र वेगळं असतं, तसं. १०८० × २४०० चा फोन घ्या. त्याचा डिव्हाइस पिक्सेल रेशो (सीएसएसच्या एका पिक्सेलच्या रुंदीत पडद्याचे किती पिक्सेल) ३ असला तर सीएसएसच्या, म्हणजे पानाची मांडणी सांगणाऱ्या भाषेच्या, हिशोबात तो ३६० × ८००. दुसरा स्वस्तातला ७२० × १६०० चा, रेशो २. तोही ३६० × ८००. मीडिया क्वेरीला, म्हणजे रुंदी बघून नियम लावणाऱ्या सीएसएसच्या ओळीला, दोन्ही सारखेच. फरक पडतो तो फक्त फोटो किती कोरीव दिसतो यात.

लॅपटॉपचंही तेच. १९२० × १०८० च्या पडद्यावर विंडोजचं स्केलिंग १२५ टक्के असलं की पान १५३६ × ८६४ चं. १५० टक्के असलं की १२८० × ७२०. म्हणजे महागडा फुल एचडी लॅपटॉप तुमच्या १३६६ वाल्यापेक्षा अरुंद निघू शकतो.

गोदाथडी
+१. त्यात उंचीचा पोटखराबा धरा. ७६८ मधून खालची टास्कबार, वरचे टॅब, पत्त्याची पट्टी, बुकमार्कची पट्टी वजा केली की पानाला सहाशे-साडेसहाशेच उरतात. वर चिकटवलेला १२० चा मेनू आणि खाली चिकटवलेली ८० ची जाहिरात असली की मधल्या फटीतून तक्ता वाचायचा.

आता पायऱ्या सांगते.

एफ१२ दाबा, मग कंट्रोल-शिफ्ट-एम. वर रुंदी-उंचीचे दोन रकाने येतील. डाव्या यादीत कोणताही फोन निवडू नका, ‘रिस्पॉन्सिव्ह’ ठेवा. रुंदीत ३२० टाका. तीन टिंबांच्या मेनूतून ‘शो मीडिया क्वेरीज’ चालू करा म्हणजे साइटचे ब्रेकपॉइंट (ज्या रुंदीला मांडणी बदलते ते आकडे) रंगीत पट्ट्यांनी दिसतील. त्याच मेनूतून डिव्हाइस टाइप आणि पिक्सेल रेशोचे रकानेही वर आणता येतात, तेही आणून ठेवा.

मग पानाची उजवी कड माउसनं धरायची आणि ३२० पासून १४०० पर्यंत हळूहळू ओढायची. हळूहळू म्हणजे खरंच हळूहळू. पान जिथं फाटतं तो आकडा कागदावर लिहायचा. तो कुठल्याच फोनच्या यादीत नसतो, पाचशे चाळीस-बिळीस कुठंतरी असतो. फायरफॉक्सलाही हीच कळ चालते.

मोठ्या पडद्यासाठी याच रकान्यात १९२० टाइप करा, क्रोम चित्र लहान करून बसवतं. नाहीतर साधा झूम ६७ टक्के करा, १३६६ च्या खिडकीत पानाला साधारण २०४० रुंदी मिळते. लॅपटॉप बदलायची गरज नाही.

खिडकी_९८
एक काळ होता, साइटच्या तळाशी लिहिलेलं असायचं की ही साइट ८०० × ६०० मध्येच उत्तम दिसते. वाचणाऱ्यानं आपला मॉनिटर बदलावा, साइट बदलणार नाही! तेव्हा ८०० आणि १०२४ एवढं बघितलं की काम झालं. २०१० मध्ये इथन मार्कोटनं ‘रिस्पॉन्सिव्ह’ (पडद्याप्रमाणे मांडणी बदलणारी साइट) हा शब्द रूढ केला आणि आमच्या दोन ओळींच्या यादीचं मातेरं झालं.

कापूसवेचणी
गोदाथडीताई, ओढून बघितलं. साधारण ६३० च्या खाली गेलं की पूर्ण पान आडवं हलायलंय. कशामुळं ते सापडंना. आणि यादी राहिलीच की!

मांजराकाठ
६३० च्या आसपास म्हणजे तुमचा नकाशा असणार. गुगल नकाशाच्या एम्बेड कोडात रुंदी ६०० आणि उंची ४५० ठोकूनच येते, वर तुमच्या दोन्ही बाजूंचं पॅडिंग. यूट्यूबच्या कोडात ५६० × ३१५ येते. त्या आयफ्रेमला (पानातल्या परक्या पानाच्या चौकटीला) सीएसएसमधून रुंदी १०० टक्के द्या, उंची ऑटो आणि ॲस्पेक्ट-रेशो ४ / ३.

हा अंदाज चुकला तर गुन्हेगार शोधायची पद्धत अशी. तात्पुरता एक नियम लिहा: तारा (*) म्हणजे सगळे घटक, आउटलाइन १ पिक्सेल लाल. बॉर्डर लावू नका, बॉर्डर जागा खाते आणि मांडणीच बदलते. आउटलाइन जागा खात नाही. जो लाल चौकोन कडेच्या बाहेर गेला तो चोर.

(कोडातले शब्द इथं देवनागरीत लिहूलालाव, एडिटरमध्ये तसेच चिकटवून ‘चालत नाही’ म्हणून परत येऊ नका.)

नकाशा सोडून नेहमीचे चोर:

फ्लेक्समधला (डबे एका ओळीत मांडणारी सीएसएसची पद्धत) डबा. त्याची किमान रुंदी मुळात ऑटो असते, म्हणून तो आतल्या मजकुरापेक्षा आकसत नाही. मिन-विड्थ शून्य द्या. ग्रिडमध्ये (आडव्या-उभ्या रकान्यांची मांडणी) १एफआर ऐवजी मिनमॅक्स (०, १एफआर).

न तुटणारा मजकूर. लांब पत्ता, ईमेल, खाते क्रमांक. ओव्हरफ्लो-रॅप: एनीव्हेअर.

फोटो. मॅक्स-विड्थ १०० टक्के, हाइट ऑटो, पण एचटीएमएलमध्ये मूळ रुंदी-उंची लिहिलेली राहू द्या. नाहीतर फोटो उतरेपर्यंत जागा राखली जात नाही, तो आला की मजकूर धाडकन खाली जातो आणि बोट भलत्याच बटणावर पडतं.

शहागंज_घड्याळ
एवढा खटाटोप कशाला? बाहेरच्या डब्याला ओव्हरफ्लो-एक्स हिडन लावा, विषय संपला.

मांजराकाठ
शहागंज, छप्पर गळतंय म्हणून खाली बादली ठेवल्यासारखं झालं ते. पान हलायचं बंद होईल, पण बाहेर गेलेला मजकूर कापला जाईल. उजवीकडचा ‘सर्वसाधारण दर’ हाच रकाना कापला गेला तर साइट ठेवायची कशाला? वर त्या डब्यात चिकटवलेलं शीर्षक असलं तर तेही चिकटायचं बंद होतं, कारण आता ते त्या डब्याच्या हिशोबानं चालतं.

शहागंज_घड्याळ
बरं बाबा. बादली उचलली.

गोदाथडी
यादी राहिली होती. रुंद्या सांगते, रिझोल्यूशनं नाही: ३२०, ३६०, ३९०, ४१२, ७६८, १०२४, १२८०, १३६६, १५३६, १९२०.

३६० आणि ४१२ अँड्रॉइडचे नेहमीचे. आयफोन १२ ते १४ हे ३९०, १५ हा ३९३. तीन पिक्सेलांसाठी वेगळी फेरी नको.

३२० ला सोडू नका. ‘एवढा लहान फोन आता कोण वापरतं’ म्हणतील. अँड्रॉइडमध्ये डिस्प्ले साइझ नावाची सेटिंग आहे. चष्मा विसरलेला माणूस ती वाढवतो. ७२० वाल्या फोनची घनता (डीपीआय) ३२० वरून ३६० झाली की तोच फोन ३६० ऐवजी ३२० रुंद होतो. शिवाय वेब सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी २.१ मधला रीफ्लोचा निकषही ३२० चाच आहे: १२८० च्या खिडकीत ४०० टक्के झूम केला तर आडवं न सरकवता वाचता आलं पाहिजे.

याशिवाय साइटचा स्वतःचा प्रत्येक ब्रेकपॉइंट दोन्ही बाजूंनी. बूटस्ट्रॅप ५ (तयार सीएसएसचा संच) असेल तर ५७६, ७६८, ९९२, १२००, १४००. म्हणजे ७६७ ला एकदा, ७६८ ला एकदा. स्वतः मीडिया क्वेरी लिहिणारे एका ठिकाणी ‘कमाल ७६८’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘किमान ७६८’ लिहितात. मग बरोब्बर ७६८ वर दोन्ही नियम लागतात आणि दोन मेनू दिसतात. बूटस्ट्रॅप त्यासाठीच ७६७.९८ लिहितं.

हळदीचं_पेव
तुम्ही रुंद्यांवर भांडताय, मजकुराकडं कुणी बघितलंच नाही. बटणं तपासताना सगळ्यात लांब आणि सगळ्यात आखूड नाव घ्यायचं. आपल्याकडं ही सोय आयतीच आहे: एकीकडं ‘छत्रपती संभाजीनगर’, दुसरीकडं ‘बीड’. आठही बटणांना सारखी रुंदी दिली तर बीडच्या बटणात क्रिकेट खेळता येईल आणि संभाजीनगरचं नाव दोन ओळींत जाऊन बाकीच्यांची उंची बिघडवेल.

३६० ला दोन रकान्यांची ग्रिड ठेवा. उंची ठोकून देऊ नका, मिन-हाइट ४८ द्या आणि मजकूर दोन ओळींत जाऊ द्या. तीन टिंबं लावून नाव कापायचं नाही. ‘छत्रपती सं…’ वाचून कुणाला काय कळणार?

नानखलिया
जुनं नाव एका ओळीत बसत होतं ना?

नियामक
नावांचा वाद इथं नको. रुंदीवर बोला.

नानखलिया
रुंदीवरच बोलत होतो साहेब.

हळदीचं_पेव
देवनागरीच्या बाबतीत आणखी चार गोष्टी, या इंग्रजी साइटवर तपासून कधीच सापडत नाहीत.

ओळीची उंची. इंग्रजीला १.२ चालते. आपल्याकडं वर रफार, अनुस्वार, वेलांटी आणि खाली उकार, जोडाक्षरं. १.५ च्या खाली गेलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला भिडतो. १.६ ठेवा. ओव्हरफ्लो हिडन असलेल्या बटणात ‘हिंगोली’च्या वेलांट्यांचे शेंडे कापले जातात, ते १०० टक्के झूमवर लक्षात येत नाही, १२५ वर दिसतं.

लेटर-स्पेसिंग. मोठ्या पडद्यावर मथळा मोकळा दिसावा म्हणून इंग्रजीच्या सवयीनं २ पिक्सेल देतात आणि शिरोरेषा तुटते. शून्य ठेवा.

फाँट. वेबफाँट दिला नसेल तर विंडोजवर निर्मला यूआय, बहुतेक अँड्रॉइडवर नोटो, आयफोनवर कोहिनूर येतो. तिन्हींची रुंदी वेगळी. म्हणजे लॅपटॉपच्या क्रोममध्ये ३६० ला एका ओळीत बसलेला मेनू खऱ्या फोनच्या ३६० ला दोन ओळींत जातो. मुक्तासारखा एकच फाँट सगळीकडं पाठवा, आणि तो उतरला नाही तर काय दिसतं तेही बघा: नेटवर्कच्या टॅबमध्ये फाँटच्या फायलीवर उजवी क्लिक करून ती अडवायची, पान पुन्हा चढवायचं.

चौथी गोष्ट रुंदीची नाही, पण सांगते. एचटीएमएलच्या टॅगला भाषा ‘एमआर’ लिहा. ज्या फाँटात सोय आहे त्यात ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे येतात, नाहीतर हिंदी वळणाचे.

कापूसवेचणी
नकाशा दुरुस्त केला, ६३० वालं गेलं. आता तक्ता. सात रकाने ३६० मध्ये कसे घालू? दोन रकाने फोनवर लपवून टाकू का?

गोदाथडी
लपवू नका. ज्याला आवक बघायची त्याच्याकडं फोनच आहे, लॅपटॉप नाही. तक्त्याला बाहेरून एक डबा द्या, त्याला ओव्हरफ्लो-एक्स ऑटो. पान स्थिर, तक्ता तेवढा आडवा सरकतो. पहिला रकाना स्टिकी, लेफ्ट शून्य. त्या रकान्याला अपारदर्शक पार्श्वभूमी द्यायला विसरू नका, नाहीतर ‘सोयाबीन’च्या खालून आकडे पळताना दिसतात. बॉर्डर-कोलॅप्स असेल तर चिकटलेल्या रकान्याची रेघ मागं राहते. सेपरेट करा, स्पेसिंग शून्य.

मांजराकाठ
मला सरकता तक्ता पटत नाही. उजवीकडं काही आहे हेच बऱ्याच जणांना कळत नाही, कारण फोनवर सरकपट्टी दिसत नाही. प्रत्येक शेतमालाचं एक कार्ड करा, एकाखाली एक.

गोदाथडी
कार्डात तुलना मरते. तूर आणि हरभरा, किंवा दोन प्रतींचे दर शेजारी-शेजारी बघायचे असतात. चाळीस शेतमालांची चाळीस कार्डं म्हणजे अंगठ्याला व्यायाम. सरकपट्टी दिसत नाही हे खरं, त्यावर उपाय असा की रकान्यांची रुंदी अशी ठेवायची की ३६० ला शेवटचा दिसणारा रकाना अर्धा कापलेला राहील. अर्धा आकडा दिसला की माणूस आपोआप सरकवतो.

हळदीचं_पेव
दोघंही थांबा. सात रकाने लागतातच कशाला? ‘परिमाण’च्या रकान्यात प्रत्येक ओळीत ‘क्विंटल’च लिहिलंय. ते तक्त्याच्या मथळ्यात एकदा लिहा: दर रुपये प्रति क्विंटल, आवक क्विंटलमध्ये. एखादी वस्तू नगावर असली तर तिच्यापुरतं आवकेच्या आकड्याशेजारी. जात/प्रत शेतमालाच्या नावाखाली बारीक अक्षरात. उरले पाच. मथळे ‘किमान’, ‘कमाल’, ‘सरासरी’ असे आखूड करा, आकडे उजवीकडं भिडवा. १४ पिक्सेलच्या अक्षरात ३६० ला बसतं, ३२० ला सरकवावं लागंल.

गोदाथडी
‘सरासरी’ नको. बाजार समितीचा सर्वसाधारण दर म्हणजे किमान-कमालची सरासरी नव्हे, बहुतेक माल ज्या दरानं गेला तो. ‘सर्वसा.’ लिहा, वर पूर्ण नाव एकदा.

हळदीचं_पेव
मान्य.

शहागंज_घड्याळ
क्रोमच्या त्या मोबाइल दृश्यात सगळं ठीक दिसलं की झालं ना मग?

मांजराकाठ
नाही. ते फक्त मापं, स्पर्श आणि ब्राउझरची ओळख यांची नक्कल करतं, आतलं इंजिन डेस्कटॉप क्रोमचंच राहतं. तिथं कीबोर्ड उघडत नाही, पत्त्याची पट्टी आत-बाहेर होत नाही.

पट्टीमुळं होणारा घोटाळा असा: उंची १००व्हीएच (व्हीएच म्हणजे खिडकीच्या उंचीचा शंभरावा भाग) दिली की पट्टी लपलेली असतानाची उंची धरली जाते. पट्टी दिसत असताना खालचं बटण पडद्याबाहेर. त्यासाठी एसव्हीएच (पट्टी दिसत असतानाची उंची) आणि डीव्हीएच (त्या क्षणी असेल ती उंची) ही मापं आली, सफारी १५.४ आणि क्रोम १०८ पासून, दोन्ही २०२२ मधली. त्याआधीच्या फोनसाठी वर १००व्हीएचची ओळ राहू द्या, खाली १००डीव्हीएच. ज्याला कळतं तो खालची घेतो.

शोधाच्या चौकटीतली अक्षरं १६ पिक्सेलपेक्षा लहान असली तर आयफोनवर बोट लावताच पान मोठं होतं. हेही लॅपटॉपवर दिसत नाही.

खऱ्या फोनवर बघायचं असं: लॅपटॉप आणि फोन एकाच वायफायवर, नाहीतर लॅपटॉप फोनच्याच हॉटस्पॉटवर. साइटच्या फोल्डरमध्ये पायथनचा एचटीटीपी.सर्व्हर ८००० वर चालू करा. आयपीकॉन्फिगनं आयपीव्ही४ पत्ता काढा, फोनमध्ये तो पत्ता, अपूर्णविराम (:), ८०००. उघडलं नाही तर तीन कारणं: विंडोजच्या फायरवॉलला परवानगी दिली नाही, राउटरनं जोडलेल्या यंत्रांना एकमेकांपासून तोडलंय, किंवा तुमचा सर्व्हर फक्त लोकलहोस्टवर (यंत्राच्या स्वतःपुरत्या पत्त्यावर) ऐकतोय. वीट (Vite) हे साइट बांधायचं साधन वापरत असाल तर होस्टचा पर्याय द्यावा लागतो.

‘माझ्या जवळची बाजार समिती’सारखं स्थान मागणारं बटण असंल तर या पद्धतीत ते चालणार नाही, ब्राउझर सुरक्षित पत्त्यावरच स्थान देतो. मग यूएसबी केबल. फोनच्या बिल्ड नंबरवर सात टिचक्या, डेव्हलपर ऑप्शन्समध्ये यूएसबी डिबगिंग, लॅपटॉपच्या क्रोममध्ये इन्स्पेक्टचं पान, तिथं पोर्ट फॉरवर्डिंग. फोनला वाटतं साइट त्याच्याच लोकलहोस्टवर आहे, आणि फोनवरचं पान लॅपटॉपवरून तपासताही येतं.

कापूसवेचणी
आयफोन कुणाकडंच नाही. मग?

गोदाथडी
मायक्रोसॉफ्टचं प्लेराइट फुकट आहे. ते विंडोजवरही वेबकिट चालवतं, म्हणजे सफारीच्या घरातलं इंजिन. हुबेहूब आयफोन नव्हे, पण ग्रिड-फ्लेक्सचे फरक त्यात सापडतात. त्यातच दहा रुंद्यांची फेरी लावून ठेवा: प्रत्येक रुंदीला पूर्ण पानाचा फोटो, आणि स्क्रोलविड्थ (मजकुराची पूर्ण रुंदी) क्लायंटविड्थपेक्षा (दिसणाऱ्या जागेपेक्षा) मोठी असंल तर तो आकडा लाल. कीबोर्ड आणि पट्टी मात्र कुणाचा तरी आयफोन पाच मिनिटं मागूनच.

खिडकी_९८
आणि बांधावर उभं राहून एप्रिलच्या उन्हात बघा. फिक्या करड्या रंगातला आकडा तिथं दिसतच नाही. मजकूर आणि पार्श्वभूमीत ४.५ : १ चा फरक किमान पाहिजे, एफ१२ मध्ये रंगाच्या चौकोनावर टिचकी मारली की तो आकडा येतो.

नानखलिया
एप्रिलच्या उन्हात बांधावर फोनच बंद पडंल, साइटचं काय घेऊन बसलात.

कापूसवेचणी
बहुतेक सगळं झालं. डिस्प्ले सेटिंगला परत हात लावला नाही. एकच अडलंय. डिव्हाइस टाइप ‘मोबाइल’ ठेवला की एकही रुंदी हलत नाही. ‘डेस्कटॉप’ ठेवला की प्रत्येक रुंदीला १५ पिक्सेल आडवं सरकतं. ३६० लाही १५, १३६६ लाही १५.

मांजराकाठ
प्रत्येक रुंदीला सारखंच म्हणजे ती सरकपट्टीची जाडी. कुठंतरी रुंदी १००व्हीडब्ल्यू (खिडकीची पूर्ण रुंदी) लिहिलीय. व्हीडब्ल्यू उभी सरकपट्टी धरून मोजतं, पानाला मिळते ती पट्टी सोडून उरलेली जागा. फोनवर पट्टी मजकुरावर तरंगते, जागा घेत नाही, म्हणून तिथं दिसत नाही. मेनूच्या मागच्या हिरव्या पट्ट्याला बघा. १०० टक्के करा.

कापूसवेचणी
हिरव्या पट्ट्यालाच होतं. गेलं. ३२० पासून १९२० पर्यंत कुठंच हलत नाही आता.

नानखलिया
३१९ ला बघितलं का?